ओल्या कुंडीतला सुरकुतलेला कॅक्टस : मूळकूज कशी ओळखावी आणि कुठवर वाचवावे

वर्षातून दोनदा माझ्याकडे ओळखीपाळखीच्या लोकांकडून एकच तक्रार येते. पहिल्यांदा ती नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो त्या सुमारास येते आणि दुसऱ्यांदा जुलैचा दुसरा पंधरवडा लागला की येते. गोल कॅक्टस मऊ पडला आहे, एचेव्हेरियाची खालची पाने काचेसारखी होऊन गळत आहेत, चांगले ठणठणीत उभे असलेले, फुगीर बुंध्याचे अडेनियम एका बाजूला कलले आहे. झाड सुरकुतलेले दिसते म्हणून मालक त्याला तहानलेले समजतो, तांब्याभर पाणी घालतो आणि चार दिवसांत झाड बुडापासून बसते.

नागपुरातील माझ्या गच्चीवर हा दोष मी स्वतःच्या हाताने अनेकदा घडवून आणलेला आहे, त्यामुळे तो दुरुस्त करण्याचा सरावही मला बराच झाला आहे. त्या सरावातून लक्षात आलेली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्याचिंब मातीत उभे असलेले झाडही तहानेने सुरकुतते. सुरकुती दिसली की आधी कुंडी तपासावी. पाणी घालायचे की नाही हे त्यानंतर ठरवावे.

लक्षणे

मूळकूज सुरू झालेल्या झाडाचा तजेला आधी जातो. कॅक्टसचा हिरवा रंग किंचित मातकट किंवा पिवळसर होतो, कडा आत ओढल्यासारख्या दिसतात, आणि हलक्या हाताने धरून हलवल्यास झाड कुंडीत डुगडुगते, कारण त्याला धरून ठेवणारी बारीक मुळे संपलेली असतात. पुढच्या टप्प्यात मातीला लागून असलेला बुंधा तपकिरी किंवा काळपट होतो आणि बोटाने दाबल्यास आत जातो. जाड पानांत पाणी साठवणाऱ्या रसाळ झाडांमध्ये, म्हणजे एचेव्हेरिया, हॉवर्थिया, जेड यांच्यामध्ये, खालची पाने पाणी भरल्यासारखी पारदर्शक होतात आणि नुसता स्पर्श झाला तरी गळून पडतात. दुर्गंधी येऊ लागली असेल तर जिवाणूंनी ताबा घेतला आहे असे समजावे आणि पुढचे सर्व काम त्याच दिवशी करावे.

याच्याशी गफलत होणाऱ्या काही गोष्टी आहेत, आणि त्या गफलतीपायी चांगली झाडे विनाकारण कापली जातात. जुन्या कॅक्टसचा बुंधा खालून वर हळूहळू तपकिरी, कोरडा आणि झाडाच्या सालीसारखा टणक होतो. हे वय आहे, रोग नव्हे. दाबून पाहिल्यास ते लाकडासारखे लागते. पश्चिमेकडील किंवा दक्षिणेकडील एकाच बाजूला पांढरट किंवा बदामी रंगाचा, कोरडा, कडक चट्टा असेल तर तो उन्हाने भाजल्याचा डाग आहे. तो कधीच पुसला जाणार नाही, पण पसरणारही नाही. खरोखर तहानलेले झाड सर्व बाजूंनी सारखे आक्रसते, पण घट्ट राहते, आणि त्याची कुंडी उचलली तर हातात पिसासारखी येते. थोडक्यात, टणक आणि कोरडे असेल तर घाई नको. मऊ आणि ओले असेल तर वेळ दवडू नये.

पहिली तपासणी : झाड कोणते आहे

याला एक पैसाही लागत नाही, तरी बहुतेक जण ही पायरी गाळतात. काटे आहेत म्हणजे कॅक्टस, हा समज चुकीचा आहे. कॅक्टसच्या प्रत्येक काट्याच्या किंवा काट्यांच्या झुपक्याच्या बुडाशी लोकरीसारखी मऊ, लहानशी गादी असते, तिला अरिओल म्हणतात. ती गादी नसेल तर ते झाड कॅक्टस नाही. आपल्याकडे दोन्हींना सरसकट निवडुंग म्हणतात, पण फड्या निवडुंग हा मूळचा अमेरिकेतला खरा कॅक्टस आहे, आणि त्रिधारी निवडुंग हा युफोर्बिया आहे, ज्याला टोचले की पांढरा चीक वाहतो. आपण ज्याला हौसेने ब्रह्मकमळ म्हणतो आणि ज्याचे फूल रात्री उमलताना पाहायला शेजारपाजारच्यांना बोलावतो, तेही एपिफायलम नावाचे कॅक्टसच आहे. मात्र ते वाळवंटातले नसून मध्य अमेरिकेतील जंगलात झाडांवर वाढणारे आहे, म्हणून त्याला सावली आणि इतरांपेक्षा अधिक ओल लागते. हिमालयातील ब्रह्मकमळाशी त्याचा काहीही संबंध नाही.

ओळख पटणे महत्त्वाचे अशासाठी की प्रत्येकाची वाढीची वेळ निराळी असते आणि झोपलेल्या झाडाला दिलेले पाणी कुंडीत पडून राहते. अडेनियम उन्हाळ्यात वाढते आणि थंडीत पाने टाकून झोपते. डिसेंबरमध्ये त्याला उन्हाळ्याइतके पाणी मिळाले तर त्याचा फुगीर बुंधा आतून सडतो. हॉवर्थिया आणि गॅस्टेरिया आपल्या मे महिन्यात जवळजवळ थांबतात. लिथॉप्स या गोट्यासारख्या दिसणाऱ्या लहानशा रसाळ झाडाची जुनी पाने नव्या पानांच्या पोषणासाठी सुकत असतात, आणि ती सुकताना पाहून पाणी घालणे म्हणजे त्याचा अंत ओढवून घेणे होय. माझे पहिले चार लिथॉप्स असेच गेले. एचेव्हेरियाच्या बहुतेक जाती मेक्सिकोच्या उंच डोंगराळ भागातील असून त्यांना थंड रात्री लागतात. नागपुरात त्या पाळणे हा हट्ट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो हट्ट मीही करतो, पण दरवर्षी त्यातील काही जाणार हे धरून चालतो.

लाल किंवा पिवळ्या रंगाची टोपी घातल्यासारखा दिसणारा कॅक्टस असेल तर ते कलम आहे. वरच्या रंगीत जिम्नोकॅलिसियममध्ये हरितद्रव्य पुरेसे नसते, म्हणून तो ड्रॅगन फ्रूटच्या जातीच्या हिरव्या, तीन धारांच्या खुंटावर बांधलेला असतो. अशा कलमात बहुधा खुंट आधी सडतो आणि वरचा गोळा बरेच दिवस ताजा दिसत राहतो. तेव्हा तपासताना नजर रंगीत गोळ्यावर नको, खालच्या खुंटावर हवी.

दुसरी तपासणी : मातीत आत ओल आहे का

उदबत्ती जळून उरलेली काडी घ्यावी. ती कुंडीच्या कडेने, मुळांना धक्का न लावता, तळापर्यंत खुपसावी आणि दहा मिनिटांनी काढावी. काडी ओली, गार किंवा माती चिकटलेली निघाली तर पाणी घालण्याचा प्रश्नच उरत नाही. वरची माती पाहून निर्णय घेऊ नये, कारण आपल्या उन्हात वरचा एक बोटभर थर दोन तासांत भुकटीसारखा कोरडा होतो, तर तळाशी आठवडाभर चिखल राहू शकतो. शेतकऱ्याला वाफसा हा शब्द सांगावा लागत नाही. जमिनीत ओल आणि हवा यांचा मेळ बसल्याशिवाय तो पेरत नाही. कुंडीतील कॅक्टसलाही तोच नियम लागू आहे, फक्त त्याला वाफशापेक्षाही कोरडी माती चालते आणि चिखल मुळीच चालत नाही.

काडी कोरडी निघाली, झाड टणक आहे आणि कुंडी हलकी आहे, तर ही तक्रार मूळकुजीची नाही. तळातून पाणी निथळेपर्यंत एकदा भरपूर पाणी द्यावे आणि तीन-चार दिवस पाहावे. निरोगी मुळे असतील तर झाड तेवढ्यात भरून येते. ते भरून आले नाही, तर कोरड्या मातीतही मुळे आधीच मेलेली आहेत असे समजून पाचव्या तपासणीकडे जावे.

तिसरी तपासणी : पाणी बाहेर कुठून जाते

कुंडी उचलून तळ पाहावा. छिद्र आहे का, ते मुळांनी किंवा मातीने बुजले आहे का, खालच्या बशीत पाणी साठले आहे का? भेट म्हणून मिळालेल्या शोभेच्या कुंड्यांत छिद्र नसतेच, आणि काही वेळा आत काळी प्लास्टिकची कुंडी व बाहेर चिनी मातीचे भांडे अशी जोडी असते, ज्यात बाहेरच्या भांड्यात दोन बोटे पाणी महिनाभर उभे असते. वरच्या बाजूला रंगीत खडे गोंदाने चिकटवलेले असतील तर तेही काढून टाकावेत, कारण त्यांच्याखाली माती वाळलेली आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो.

तळाशी गिट्टी किंवा खापऱ्यांचा जाड थर घातला की निचरा होतो, ही समजूत आपल्याकडे फार रुजलेली आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी खालच्या जाड थरात सहजासहजी उतरत नाही. ते दोन्हींच्या सीमेवर अडून राहते, आणि ओला पट्टा तळाशी राहण्याऐवजी गिट्टीच्या उंचीइतका वर, म्हणजे थेट मुळांजवळ येतो. छिद्रावर माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी ठेवावी, त्याहून अधिक काही नको.

चौथी तपासणी : जागा

नागपूरचे वर्ष या झाडांच्या दृष्टीने तीन वेगवेगळ्या देशांसारखे आहे. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश. मधल्या चार महिन्यांत वर्षभरातला बहुतेक पाऊस पडतो, जो सरासरीने हजार मिलिमीटरच्या वर जातो. उंच सग्वारो कॅक्टससाठी प्रसिद्ध असलेल्या ॲरिझोनातील टुसॉन शहराच्या परिसरात वर्षाचा पाऊस तीनशे मिलिमीटरच्याही आत असतो, आणि तोही निथळत्या खडकाळ जमिनीवर पडतो. थंडीची भीती त्यामानाने कमी बाळगावी. माती कोरडी असेल तर बहुतेक वाळवंटी कॅक्टस आपली थंडी सहज काढतात. अडेनियम मात्र घरात घ्यावे.

उन्हाळ्यातील कुजीचे कारण पुष्कळांना पटत नाही, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. बहुतेक झाडे पानांवरची रंध्रे, म्हणजे हवा आत घेणारी बारीक छिद्रे, दिवसा उघडतात, पण कॅक्टस आणि अनेक रसाळ झाडे पाणी वाचवण्यासाठी पानांवरची किंवा खोडावरची रंध्रे रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा तो वापरतात. यासाठी रात्र थंड असावी लागते. नवतप्यात आपल्याकडे रात्रीचे तापमानही कित्येकदा तिशीच्या आसपास राहते, तेव्हा यातील बरीच झाडे रंध्रे मिटून घेतात आणि वाढ थांबवतात. मुळे पाणी मागत नाहीत. त्यात काळी प्लास्टिकची कुंडी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर असेल तर आतली माती हवेपेक्षाही अधिक तापते, आणि अशा मातीत दुपारी घातलेले पाणी म्हणजे मुळांना दिलेली उकळी होय. ती शिजलेली मुळे पुढे बुरशीला आयती मिळतात. उन्हाळ्यात पाणी द्यायचेच असेल तर रात्री आठ-नऊ नंतर, कमी द्यावे, कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात आणि पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट लावावी.

ही नेट पावसाळ्यात मात्र फसवते. ती ऊन अडवते, पाऊस अडवत नाही. उलट थेंब गाळून सावकाश खाली सोडते आणि वाळण्याचा वेग कमी करते. जूनच्या पहिल्या आठवड्यात नेट काढून तिच्या जागी पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिक, चारही बाजूंनी वारा खेळेल अशा रीतीने, लावणे हा एकच उपाय माझ्या अनुभवात टिकला आहे. ज्यांच्याकडे ती सोय नाही त्यांनी कुंड्या सज्जाखाली घ्याव्यात, पण पन्हाळीचे पाणी जिथे ठिबकते ती जागा टाळावी. शेजारच्या काकूंचा दहा वर्षांचा गोल्डन बॅरल कॅक्टस पावसाने मेला नाही, तर पत्र्याच्या एका फटीतून बरोबर त्याच्या डोक्यावर पडणाऱ्या थेंबाने मेला.

आणखी एक जागा खास आपल्याकडची आहे, ती म्हणजे कूलरजवळची. कूलरच्या खोलीतील हवा दमट असते, खिडकीतल्या कुंडीवर कूलरचे तुषार उडत असतात, आणि संध्याकाळी टाकी रिकामी करताना तेच पाणी झाडांना घालण्याची काटकसर अनेक घरांत चालते. कूलरमध्ये पाणी उडून जाते आणि क्षार मागे उरतात, म्हणून टाकीत शेवटी राहिलेले पाणी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी अधिक क्षारयुक्त असते. कूलरच्या गवतावर साचणारा पांढरा थर हाच त्याचा पुरावा आहे. असेच पांढरे कडे कुंडीच्या काठावर किंवा झाडाच्या बुंध्याभोवती दिसत असेल तर मुळे क्षारांनीही करपलेली असू शकतात. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्यांनी शक्य असेल तेव्हा पावसाचे पाणी बादलीत धरून तेच द्यावे.

पाचवी तपासणी : झाड कुंडीतून काढून मुळे पाहणे

इथवर कारण सापडले असेल आणि बुंधा टणक असेल, तर पाणी बंद करून, झाड सावलीत, वाऱ्याला ठेवून आठ दिवस वाट पाहण्यास हरकत नाही. बुंधा किंचितही मऊ लागत असेल, किंवा झाड डुगडुगत असेल, तर वाट पाहू नये. वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या करून तिची पट्टी झाडाभोवती गुंडाळावी, कुंडी आडवी करून बाजू थोपटावी आणि झाड ओढून न काढता मातीच्या गोळ्यासह सरकवून बाहेर घ्यावे.

निरोगी मुळे पांढरी किंवा फिकट बदामी आणि चिवट असतात. कुजलेले मूळ काळे किंवा गडद तपकिरी असते. त्याला चिमटीत धरून ओढले की वरची साल निघून हातात येते आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरतो. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी कापसासारखी भुकटी असेल तर ते मुळांवरचे पिठ्या ढेकूण आहेत. हा किडा मुळांचा रस शोषतो आणि त्याने केलेल्या जखमांतून कूज शिरते, म्हणून तो दिसल्यास सर्व माती टाकून द्यावी, मुळे वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुवावीत आणि त्याच ओळीतील शेजारच्या कुंड्याही काढून पाहाव्यात. एका कुंडीत सापडला म्हणजे तो एकाच कुंडीत आहे, असे क्वचितच असते.

नर्सरीतून आणलेल्या झाडाच्या मुळांच्या मधोमध बहुधा लिंबाएवढा कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गोळा सापडतो, काही वेळा त्याला बारीक जाळीही असते. बाहेरची माती वाळली तरी हा गोळा आत ओला राहतो, आणि एकदा पूर्ण वाळला की मग पाणीच शोषत नाही. नवीन झाड आणले की पहिल्या पंधरा दिवसांत हा गोळा उदबत्तीच्या काडीने टोकरून काढावा. मी आणलेली नवी झाडे मरण्याचे प्रमाण केवळ या एका सवयीने डोळ्यांत भरण्याइतके कमी झाले.

मुळे थोडी कुजलेली आणि बुंधा टणक असेल, तर काळी मुळे स्वच्छ कात्रीने छाटावीत, झाड कागदावर सावलीत पाच-सात दिवस उघडे ठेवावे आणि नव्या, कोरड्या मिश्रणात लावावे. पहिले पाणी लावल्यानंतर आठवड्याने द्यावे. छाटलेल्या जखमेवर खपली धरण्याआधी ओल लागणे, हेच वाचवलेले झाड पुन्हा जाण्याचे नेहमीचे कारण आहे.

सहावी तपासणी : मिश्रण

आपल्या भागातील काळी माती कपाशीला उत्तम असली तरी कुंडीतील कॅक्टसला घातक आहे. तिच्यातील चिकणमाती ओली झाली की फुगते, हवा कोंडते. वाळली की आक्रसून भेगा पडतात आणि बारीक मुळे तुटतात. बांधकामाची रेती चालते, आणि कन्हानची रेती नागपुरात कुठेही मिळते, पण ती जशीच्या तशी वापरू नये. चहाच्या गाळणीतून जे खाली पडते ते सारे टाकून द्यावे आणि वर राहिलेले जाड कण धुऊन, वाळवून घ्यावेत, कारण बारीक कण जाड कणांमधल्या पोकळ्या भरतात आणि मग रेतीचाही चिखल होतो. माझे मिश्रण असे असते: दोन भाग जाड रेती, एक भाग हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे किंवा मुरमाचे खडे, आणि एक भाग चाळलेले पालापाचोळ्याचे खत किंवा गांडूळखत. ब्रह्मकमळासाठी खताचा भाग दुप्पट करतो. लिथॉप्ससाठी जवळजवळ काढून टाकतो.

मिश्रण योग्य झाले की नाही हे रिकाम्या कुंडीत ते भरून, वरून तांब्याभर पाणी ओतून पाहावे. पाणी वर तळे करून न थांबता काही क्षणांत आत गेले पाहिजे. तळे साचले तर झाड लावण्याच्या आधीच हे कळले, हे बरे.

शेवटचा उपाय : कापणे

बुंधाच मऊ झाला असेल तर कुजलेला भाग औषधाने बरा होत नाही. बाजारात सर्रास मिळणारे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक अनेक बुरशींवर काम करते, पण ओल्या मातीत पसरणाऱ्या पिथियम आणि फायटोप्थोरा यांच्यावर ते निष्प्रभ आहे, कारण ते जीव खऱ्या बुरशीच्या गटातलेच नाहीत. त्यांच्यासाठी मेटालॅक्झिलसारखी निराळी औषधे असतात. कोणत्या जिवामुळे कूज झाली हे घरी डोळ्यांनी ठरवता येत नाही, म्हणून मी औषधापेक्षा सुरीवर आणि वाऱ्यावर अधिक विश्वास ठेवतो.

पातळ पात्याची धारदार सुरी स्पिरिटने पुसावी. मऊ भागाच्या बरेच वर पहिला आडवा काप घ्यावा आणि कापलेला पृष्ठभाग उजेडात नीट पाहावा. मध्यभागी कड्यासारखा जो वाहिन्यांचा घेर दिसतो, तो स्वच्छ हिरवट-पांढरा असेल तर थांबावे. त्यात तपकिरी, नारिंगी किंवा लालसर ठिपके असतील तर रोग तिथपर्यंत चढलेला आहे. सुरी पुन्हा पुसून आणखी वर काप घ्यावा. प्रत्येक कापानंतर सुरी पुसणे हा सोपस्कार नाही. न पुसलेली सुरी तोच रोग स्वच्छ भागात नेते आणि मग आपण कापत राहतो व ठिपके दिसत राहतात. स्वच्छ घेर मिळाला की बाहेरच्या कडा पेन्सिलीला टोक करतात तशा थोड्या तिरप्या छाटाव्यात, कारण वाळताना मधला भाग आत ओढला जातो आणि नवी मुळे याच घेरातून फुटतात. काही जण जखमेवर हळद किंवा गंधकाची भुकटी लावतात. त्याने नुकसान होत नाही, पण वाळवण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

आता वाळवणे. अंगठ्याएवढ्या जाडीच्या तुकड्याला आठवडा पुरतो, मनगटाएवढ्या खोडाला तीन ते चार आठवडे लागतात, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हा काळ आणखी लांबतो. तुकडा उभा, रिकाम्या पेल्यात, जखमेला काहीही टेकणार नाही असा, पंख्याखाली ठेवावा. आडवा ठेवल्यास शेंडा वर वळतो. खपली टणक झाल्यावर कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवावा, काडीचा आधार द्यावा, आणि हलक्या हाताने ओढल्यावर अडकल्यासारखा लागेपर्यंत पाणी देऊ नये. या काळात तो सुरकुतणार आहे. इथे ती सुरकुती अपेक्षितच असते, आणि ती पाहून हात तांब्याकडे जाऊ न देणे हीच खरी परीक्षा असते.

युफोर्बिया कापताना चीक वाहतो. कापावर पाण्याचा फवारा मारल्यास तो थांबतो. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हे काम करू नये. अडेनियमचा रसही विषारी आहे. आफ्रिकेत तो बाणांना लावत असत. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि छाटलेले तुकडे लहान मुलांच्या किंवा गाईगुरांच्या वाटेत टाकू नयेत.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

शेंड्याचा वाढीचा बिंदू मऊ झाला असेल, किंवा काप घेत घेत शेंड्यापर्यंत पोचल्यावरही रंगीत ठिपके संपत नसतील, तर झाड गेले आहे. अशा वेळी पुढे कापत बसू नये. बाजूला पिल्ले असतील तर त्यांपैकी स्वच्छ असलेली वेगळी करून तीच वाळवावीत.

चीक डोळ्यात गेला तर चोळू नये. पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे, दुखणे कमी वाटले तरी जावे.

पुरुषभर उंचीचा सिरियस (खांबासारखा वाढणारा कॅक्टस) किंवा युफोर्बिया बुंध्यातून कुजून कललेला असेल तर त्याला एकट्याने हात लावू नये. ही झाडे बहुतांशी पाणीच असतात. सहा फूट उंच आणि पंधरा सेंटिमीटर जाडीचे खोड पंचवीस-तीस किलो सहज भरते, आणि ते काट्यांसह अंगावर किंवा गच्चीवरून खाली रस्त्यावर येऊ शकते. अशा वेळी अनुभवी माळी बोलवावा, खोड दोरीने आधी बांधून घ्यावे आणि वरून खाली तुकडे करत उतरवावे.

एकाच आठवड्यात, वेगवेगळ्या जातींची, वेगवेगळ्या मिश्रणातील पाच-सहा झाडे बसली, तर दोष पाण्याच्या सवयीपलीकडचा असू शकतो. तेव्हा दुकानदाराच्या सांगण्यावरून एकामागून एक औषधे फवारणे बंद करावे. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्राच्या जाणकारांकडे चौकशी करावी आणि नेताना पूर्ण सडलेले झाड न नेता नुकतीच लागण झालेले झाड त्याच्या मातीसह न्यावे, कारण पूर्ण सडलेल्या झाडात मूळ रोगाच्या जागी नंतर आलेले जिवाणूच सापडतात. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या अंगात भिनणाऱ्या, कीटकनाशकांच्या बाबतीतही हेच म्हणेन: वेष्टनावरचे प्रमाण समजत नसेल, किंवा घरात लहान मूल असेल, तर ते काम जाणकारावर सोपवावे.

गेलेल्या झाडाची माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये, खताच्या खड्ड्यातही टाकू नये. कुंडी घासून धुवावी आणि उन्हात कडक वाळवावी; पावसाळ्यात तसे ऊन नसेल तर ती पालथी घालून ऑक्टोबरपर्यंत बाजूला ठेवावी आणि तोवर त्या जागी दुसरे झाड आणू नये.